गॅलरी नसताना प्रदर्शन, पुस्तक आणि जोडीची कामं कशी करायची? आधी डमी बांध

तू विचारलंयस एक, पण त्यात तीन प्रश्न आहेत रे. तू म्हणतोस, ताई, अलीकडे तुमची प्रदर्शनं झाली, माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या छताचं, पुस्तक आलं, कवीबरोबर ते घडीचं पुस्तक केलंत, गावच्या नाटकाचा पडदा रंगवलात, हे सगळं गॅलरी पाठीशी नसताना कसं जमवता, आणि माझी पणजीत आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून बाहेर पडल्यापासूनची लोहखनिजाच्या खाणीवरची, कोळशाने काढलेली ड्रॉइंग्ज साखळीला घरी कपाटावर गुंडाळून पडलीत त्यांचं काय करू. तिन्हीचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, आधी पुस्तकाची डमी बांध. हॉल बुक करायच्या आधी, फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी, कुणाला मेल टाकायच्या आधी. साधे कागद दुमडून, दोऱ्याने शिवून, त्यात तुझ्या चित्रांच्या छोट्या झेरॉक्स चिकटवून एक खरंखुरं हातात धरता येईल असं पुस्तक.

का ते सांगते. प्रदर्शन म्हटलं की आपण भिंतीचा विचार करतो, भिंत किती फूट, चित्रं किती बसतील, आणि मग जेवढी असतील तेवढी लावून मोकळे होतो. पुस्तकात तसं चालत नाही, एका पानानंतर दुसरं पान का येतंय ते तुला ठरवावंच लागतं, आणि ते ठरवताना कळतं की आपल्या तीस ड्रॉइंग्जमधली दहा एकच गोष्ट सांगतायत आणि एक महत्त्वाची गोष्ट आपण काढलेलीच नाही. शिवाय चित्राशेजारी शब्द काय असणार, ते कोण लिहिणार, हा प्रश्न डमी करतानाच उभा राहतो आणि तिथूनच जोडीचं काम सुरू होतं. म्हणजे कोलॅबोरेशनसाठी माणूस शोधत फिरावं लागत नाही, डमीतली रिकामी पानं सांगतात कुठला माणूस हवाय.

माटोळीच्या कामाचं उदाहरण देते म्हणजे नीट कळेल. चवथीच्या आधी म्हापशाला, फोंड्याला, साखळीला माटोळीचा बाजार भरतो तो तू लहानपणापासून बघतोयस, सत्तरीकडून, पेडण्याकडून, सांग्याकडून बायका आणि म्हातारे डोंगरातलं कायकाय घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, कांगलां, करमळं, घागऱ्या, तोरिंगणं, शिपटं म्हणजे सुपारीचे घड. मला त्यांचे वुडकट, म्हणजे लाकडात कोरून काढलेले छाप, करायचे होते, आणि ही फळं त्याच दिवसांत मिळतात नि घरी आणली की लगेच सुकायला नाहीतर कुजायला लागतात, त्यामुळे ड्रॉइंग सगळं त्याच आठवड्यात उरकायचं आणि कोरायचं काम पुढे महिनोन्महिने. करमळ कोरणं मला सगळ्यात आवडलं. ते फळ म्हणजे खरं तर बाहेरच्या जाड पाकळ्याच, एकीवर एक चढून घट्ट मिटलेल्या, आणि लाकडात ते दाखवायचं तर पाकळीची कड म्हणजे एक पांढरी रेघ, ती कुठे जाड करायची आणि कुठे जवळजवळ विझवायची एवढ्यावर सगळा गोलपणा उभा राहतो. चाकू थोडा तिरपा धरून कड कापली तर रेघेला उतार मिळतो, सरळ धरला तर पुढे छापताना ती कड तुटते. प्रिंट मी प्रेसवर न काढता पुण्याच्या हातकागद संस्थेच्या कागदावर लाकडी चमच्याने पाठीमागून घासून काढल्या, त्याला वेळ लागतो पण काळा किती दाबायचा ते हाताला कळत राहतं. पावसाळ्यात मात्र तेलाची शाई वाळता वाळत नाही, दोरीवर चिमट्यांनी टांगून पंखा लावून ठेवायच्या आणि वाळल्यात असं वाटलं तरी लगेच एकावर एक रचायच्या नाहीत, मधे बटर पेपर घालायचाच.

आणि याच दिवसांत, प्रिंट पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी, मी डमी बांधली. उजव्या पानावर फळ, डावं पान कोरं. कोरं अशासाठी की मला त्या फळाविषयी जे माहीत होतं ते दोन ओळींच्या वर जाईना, ते कुठल्या डोंगरावर होतं, कोण काढून आणतं, आता मिळतं की नाही, हे मला कुठे ठाऊक. मग पणजीचा विचार बाजूला ठेवला आणि पहिलं प्रदर्शन देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेत, केलं, जत्रेच्या आधीच्या दिवसांत. देवस्थान समितीला साधं पत्र दिलं, महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानाच्या मानकऱ्यांपैकी, दोघांना जाऊन भेटले, त्यांनी जागा दिली, लाइटचं बिल तेवढं भरायला सांगितलं. अग्रशाळेच्या जुन्या भिंती चिऱ्याच्या आणि वर चुन्याचा गिलावा, खिळा मारला की ढपलाच निघतो, म्हणून भिंतीला हातच लावला नाही, खांबाखांबाला सुतळी ताणली आणि प्रिंट क्लिपांनी लावल्या, फ्रेम नाही काच नाही. प्रत्येक प्रिंटखाली एक कोरा कागद आणि पेन्सिल बांधून ठेवली आणि मधोमध टेबलावर ती डमी.

लोक आले ते देवाला आलेले लोक. पहिल्या दिवशी बायका लांबूनच बघत होत्या, मग एकीने घागऱ्यांच्या प्रिंटखाली लिहिलं की हे आमच्या भाटाच्या (बागायतीच्या) वरच्या बाजूला व्हायचं, ते भाट विकलं. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलं अजून कुठे मिळतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहायला नकार दिला, खुर्ची घेऊन बसले आणि बोलले, मी लिहून घेतलं, शिपटं झाडावरून उतरवताना ते जमिनीला लागू न देता कसं खाली सोडायचं ते त्यांनी हाताने करून दाखवलं. डमीची डावी पानं अशी भरली. पुढे पुस्तकात मजकूर आला तो हाच, त्या लोकांचा, त्यांना विचारून, ज्यांना नाव हवं होतं त्यांचं नाव घालून आणि ज्यांना नको होतं त्यांचं फक्त गाव. मी स्वतः लिहिलेला भाग दीड पान आहे. त्यामुळे कुणी मला विचारलं की तुमचं सर्वात महत्त्वाचं कोलॅबोरेशन कुठलं तर मी हेच सांगते, आणि त्याला कसलंही आमंत्रण लागलं नव्हतं.

पणजीतलं प्रदर्शन त्यानंतर झालं आणि ते सोपं गेलं, कारण तोपर्यंत पुस्तक छापून तयार होतं आणि आत येणाऱ्या माणसाला काय दाखवायचं ते मला पाठ झालं होतं. जागांचं म्हणशील तर गोव्यात आपण समजतो तेवढी टंचाई नाही. कला अकादमी आहे, मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे, पाटोवर संस्कृती भवन आहे, आल्तिनोला सुनापरान्त आहे, पिळर्णला सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा २०१५ पासून आहे, मडगाव साखळीला रवींद्र भवनं, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर. यातल्या काही जागा भाड्याने मिळतात, काही ठिकाणी प्रस्ताव द्यावा लागतो आणि तो बघणारा माणूस दिवसाला असे कितीतरी बघत असतो, तिथे पाच पानांच्या आर्टिस्ट स्टेटमेंटपेक्षा हातात दिलेली डमी जास्त काम करते हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. माणूस पानं उलटतो, थांबतो, मागे जातो. पीडीएफ कुणी उलटत नाही.

दिवस कुठले धरायचे यावर माझं मत जरा वेगळं आहे. सगळ्यांना डिसेंबर हवा असतो, कारण २०१६ पासून सेरेंडिपिटी हा कलांचा फेस्टिव्हल पणजीत होतो आणि बाहेरचे क्युरेटर, कलेक्टर तेव्हा इथे असतात. फेस्टिव्हल बघायला तू दरवर्षी जाच, जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, इमारतीत एवढं चांगलं काम एका जागी वर्षभरात दुसरीकडे बघायला मिळत नाही, मांडणी कशी केलीय, लेबल किती उंचीवर लावलंय, हे वहीत टिपून घे. पण स्वतःचं पहिलं प्रदर्शन त्या गर्दीत लावू नको. नोव्हेंबरला इफ्फी हा सिनेमाचा महोत्सव, डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग हा फेस्टिव्हल, मग नाताळ, आपल्याच माणसांना यायला सवड नसते आणि बाहेरच्यांना तुझं नाव माहीत नसतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते शिगम्याच्या आधीपर्यंतचे दिवस चांगले, हवा कोरडी असते, कागद सपाट राहतो, शाळा कॉलेजं चालू असतात त्यामुळे मुलं येतात. पावसाळ्यात कागदावरच्या कामाचं प्रदर्शन करू नये असं माझं ठाम मत आहे, काचेच्या आत बुरशी धरते आणि ती विकत घेणाऱ्याच्या घरी गेल्यावर दिसायला लागते.

आता छपाई, कारण इथे पैसे वाया जातात आणि कॉलेजात हे पुरेसं शिकवत नाहीत. पानांची संख्या मनाला येईल ती ठेवायची नसते, फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या शीटमधून निघणाऱ्या पानांच्या, हिशोबाने ठेवायची. २० बाय ३० इंचाच्या शीटमधून साडेसात बाय दहाच्या आकाराची दोन्ही बाजू धरून १६ पानं निघतात, म्हणजे तुझं पुस्तक ३२ किंवा ४८ पानांचं असेल तर कागद पूर्ण वापरला जातो, ४४ केलंस तर उरलेल्या चार पानांचा कागद फुकट जातो आणि पैसे त्याचेही द्यावे लागतात. ऑफसेटला प्लेटचा खर्च ठरलेला असतो, शंभर काढ नाहीतर हजार, त्यामुळे थोड्या प्रती हव्या असतील तर डिजिटल बरं पडतं आणि संख्या वाढली की ऑफसेट. माझे वुडकट काळ्यात होते, म्हणून चार रंगांची छपाई घेतलीच नाही, काळा आणि एक लाल एवढेच दोन रंग, आणि तो लाल चार रंगांच्या ठिपक्यांतून न बनवता वेगळी शाई कालवून घेतला, आपल्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम असतं ना, वरचा लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना दिसतो, तसा मातकट लाल हवा होता आणि ठिपक्यांतून तो कधीच तसा येत नाही, गुलाबी नाहीतर तपकिरी होतो. मशीनवर पहिल्या शीट निघत होत्या तेव्हा मी तिथे उभी होते, शाई कालवणाऱ्या मामांना चिऱ्याचा एक तुकडा नेऊन दाखवला, त्यांनी त्यात थोडा काळा टाकला आणि रंग बसला. म्हणून छापखाना शक्यतो असा बघ जिथे तुला जाऊन उभं राहता येईल, लांबचा स्वस्त पडला तरी.

कागद आर्ट पेपर घेऊ नको. तो गुळगुळीत असतो, दुकानात बरा दिसतो, पण आपल्या हवेत दोन पावसाळे गेले की पानं एकमेकांना चिकटायला लागतात. १२० ते १३० जीएसएमचा (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), बिनचमकीचा, जरा पिवळसर झाक असलेला कागद घे, कोळशाच्या कामाला तोच शोभेल. बाइंडिंगला मधोमध स्टेपलची पिन मारू देऊ नको, खाऱ्या दमट हवेत पिन गंजते आणि मधल्या पानावर लाल डाग उतरतो, दोऱ्याची शिवण करून घे. थोडे पैसे जास्त जातात पण पुस्तक टिकतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्यायला घाबरू नको, तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो, फक्त वेळ लागतो म्हणून छपाईच्या बरंच आधी करून ठेव. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, ती पाठव. शिवाय पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला दे आणि तुझ्या गावच्या वाचनालयाला दे. प्रदर्शन आठवड्यात उतरतं, पण ग्रंथालयात गेलेलं पुस्तक पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडू शकतं. चित्रकाराने स्वतः प्रकाशक होणं यात कमीपणा आहे असं अजून काहींना वाटतं, त्यांना दीनानाथ दलालांची आठवण करून दे, आपल्या मडगावात जन्मलेला माणूस, मुंबईत जाऊन १९४५ ला स्वतःचा दीपावली अंक सुरू केला आणि मराठी घराघरात चित्रं पोचवली ती गॅलरीतून नाही, छापील पानांतून.

खर्चाची जुळणी मी पूर्वनोंदणीने केली, डमीचे फोटो ओळखीच्यांना पाठवून आधी पैसे घेतले, आणि वुडकटच्या मूळ प्रिंट छोट्या एडिशनमध्ये, म्हणजे ठरवून मोजक्याच प्रतींत, काढून काही पुस्तकांबरोबर जोडल्या. एडिशन म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण पाळायचं कसं ते सांगते. ३/१५, म्हणजे पंधरातली तिसरी, असं लिहिलंस की पंधरावर सोळावी काढायची नाही, ब्लॉकवर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा. किंमत गावात आणि पणजीत एकच ठेवायची. गॅलरी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेते, आज तुझी गॅलरी नाही म्हणून तू तेवढी कमी किंमत लावलीस तर उद्या गॅलरी आली की तुझ्याच जुन्या खरेदीदाराला तू महाग झालेला दिसशील. कमिशन धरून किंमत लाव आणि तीच सगळीकडे सांग. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, चित्रांवर आहे आणि त्याचे नियम वेगळे, ते एखाद्या सीएला एकदा बसून विचारून घे. सरकारी मदतीच्या योजना कला आणि संस्कृती संचालनालयाकडे असतात, संस्कृती भवनात स्वतः जाऊन चालू नियम वाच, ऐकीव माहितीवर अर्ज करू नको.

जोडीच्या कामांबद्दल तू जास्त उत्साहाने विचारलंयस, आणि तिथे मी जरा लांबण लावणार आहे. कवीबरोबरचं घडीचं पुस्तक, म्हणजे एकच लांब कागद पंख्यासारखा दुमडलेला, त्यात आम्ही आधी एक पान लिहून काढलं आणि मग चित्रं नि कविता. त्या पानावर एवढंच होतं, छपाईचा खर्च वजा जाता राहील ते निम्मं निम्मं, कविता त्यांच्या मालकीच्या, चित्रं माझ्या मालकीची, दुसरी आवृत्ती दोघांच्या संमतीने, आणि दोघांपैकी कुणाला आपलं काम वेगळं कुठे छापायचं असेल तर छापता येईल पण या पुस्तकाचा उल्लेख करायचा. मित्रांमध्ये कागद कशाला असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, मित्र आहेत म्हणूनच, कारण अनोळखी माणसाशी भांडण झालं तर फक्त पैसे जातात.

कायद्यातली एक गोष्ट तरुण चित्रकारांना जवळपास कुणीच सांगत नाही म्हणून सांगते. आपण समजतो की चित्र मी काढलं म्हणजे कॉपीराइट माझा. स्वतःहून काढलेल्या चित्राचा तो तुझाच. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे की पैसे देऊन कुणी तुझ्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे हॉटेलने भिंतीसाठी चित्र सांगितलं, तू काढलंस, पैसे घेतलेस, आणि कागदावर काहीच नाही, तर उद्या ते चित्र त्यांच्या पिशव्यांवर, मेनूकार्डावर आलं तरी तुला फारसं बोलता येणार नाही. उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलने माझ्या चित्राचं नेमकं हेच सुरू केलं होतं. माझ्या ऑर्डरच्या कागदावर कॉपीराइट चित्रकाराकडे राहील असं एक वाक्य होतं, तेवढ्या एका वाक्यावर ते थांबलं, वकिलाच्या पत्रापलीकडे जावं लागलं नाही. हे वाक्य तू प्रत्येक कोटेशनखाली घाल आणि समोरच्याची सही घे. आणि कुणी हक्क लिहून मागितलेच तर किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहून घे, नाही लिहिलं तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो.

चित्र विकलं, हक्कही दिले, तरी कामाखाली आपलं नाव राहावं आणि कामाची नासधूस होऊ नये हा हक्क आपल्याकडेच राहतो, कलम ५७. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ ला काढून गोदामात टाकलं होतं, ते कोर्टात गेले, आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सव्वीस वर्षं तो माणूस मागे हटला नाही. पंचायतीची भिंत, शाळेची भिंत रंगवायला बोलावतात तेव्हा हे लक्षात असू दे, नाव कोपऱ्यात का होईना घालायचंच.

नाटकाच्या पडद्याचं काम पैशाच्या दृष्टीने लहान होतं पण मला त्याने खूप दिलं. आपल्याकडे जत्रेला, कालोत्सवाला गावचेच लोक मराठी नाटक बसवतात, दिवसा भाटात नाहीतर ऑफिसात असलेला माणूस रात्री राजा होऊन उभा राहतो, आणि त्याच्यामागचा पडदा बहुतेक वेळा भाड्याचा फ्लेक्स असतो. एका मंडळाने मला पडदा रंगवाल का विचारलं, मी हो म्हटलं, कापड आणि रंग त्यांचा, मजुरी ठरवून, पडदा मंडळाचा आणि त्याचे फोटो छापायचा हक्क माझा. एवढ्या मोठ्या कापडावर लांबून दिसणारी रेघ आणि जवळून दिसणारी रेघ वेगळी असते हे हाताने शिकायला मिळालं आणि ते नंतर वुडकटमध्ये उतरलं. तुला कुणी लाइव्ह पेंटिंगला बोलावेल, गाणं चालू आणि तू बाजूला उभा राहून रंगवतोयस, अशा ठिकाणी मी जात नाही. त्यात गाण्याला चित्राची गरज नसते आणि चित्राला गाण्याची, दोघांना फक्त एका स्टेजवर उभं केलेलं असतं. जोडीचं काम तेच जिथे दुसऱ्याशिवाय आपलं अर्धं राहिलं असतं.

नोंदी ठेवायची सवय आत्तापासून लाव. प्रत्येक कामाचा फोटो, आकार, साधन, साल, कुठे लागलं, कुणाकडे गेलं. गोव्याच्या चित्रकारांची किती कामं कुठे गेली याचा पत्ता नाही. आंजेलो द फोन्सेकांचं बघ, १९०२ ला जुव्यात जन्मले, आयुष्य पुण्याला गेलं, १९६७ ला वारले, आणि त्यांची चित्रं आज पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आपल्याला बघायला मिळतात ती त्यांच्या पत्नीने इतकी वर्षं सांभाळून ठेवली म्हणून. चित्रकार त्रिंदादांची चित्रं पणजीच्या फोंताइन्यशमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहेत. दोन्ही ठिकाणी जाऊन ये, मूळ काम समोर उभं राहून बघितल्याशिवाय ते कसं केलंय कळत नाही.

आता तुझ्या ड्रॉइंग्जविषयी. फोटोत जेवढी दिसली तेवढ्यावरून सांगते, कामात जोर आहे, विशेषतः रिकाम्या बार्जची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या मोठ्या होड्यांची, ती दोन. पण सगळ्यात खाण आहे आणि माणूस कुठेच नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग परत चालू झाल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्या, यात डिचोली सत्तरीच्या किती घरांत ट्रक दारात उभे राहून गंजले हे तू बघितलंयस, आणि खाण चालू होती तेव्हा ज्यांच्या शेतात लाल चिखल उतरला तेही तुझ्याच गावचे. दोघांचं म्हणणं वेगळं आहे आणि दोन्ही तुझ्या पुस्तकात आलं पाहिजे. तेव्हा ३२ पानांची डमी बांध, चित्र उजवीकडे, डावं पान कोरं सोड, आणि ती घेऊन एका ट्रकवाल्याकडे, बार्जवर काम केलेल्या एखाद्याकडे आणि एका शेतकऱ्याकडे जा. त्यांना चित्र कसं वाटलं असं विचारू नको, हे ठिकाण कुठलं आणि तिथे काय व्हायचं ते विचार. लिहून घे, वाचून दाखव, हो म्हणाले तरच ठेव.

ड्रॉइंग्ज आजच कपाटावरून काढ, गुंडाळी उलगडून सपाट ठेव, कोळशावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारलेलं नसेल तर बाहेर मोकळ्या हवेत दोन हलके हात मार, एकदम भिजवू नको नाहीतर काळा करपल्यासारखा दिसतो. स्कॅन मूळ आकाराला ३०० डीपीआय, ग्रेस्केलमध्ये. तुझी कामं दरवाज्याएवढी आहेत, ती पुस्तकात अख्खी लहान करून घातलीस तर नुसती काळी दिसतील, म्हणून प्रत्येकाचा एक तुकडा मूळ आकारातच एका पानावर घाल आणि अख्खं चित्र शेवटी छोटं. आणि तुमच्या देवस्थान समितीला अग्रशाळेसाठी पत्र याच महिन्यात दे, जत्रेच्या आधीचे दिवस भजनवाले आणि नाटकवाले फार लवकर धरून ठेवतात.